मुसासाहेबांचे तीन ठोके

आखाड सरत आला होता. अकोल्याला सरकी आणायला गेलेला नांदगाव खंडेश्वरचा गणुजी परतताना आमच्या अमरावतीच्या घरापुढे गाडी थांबवून उतरला, तेव्हा त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेली काठी होती. ती मी पाहताक्षणी ओळखली. "मास्तर, मुसासायेब गेले," तो म्हणाला. "चार दिस ताप होता. हे तुमाले द्याले सांगून ठेवलं होतं." काठी हातात घेतली... आणि ती इतकी हलकी कशी, एवढंच कितीतरी वेळ मनात घोळत राहिलं.

त्यांचं खरं नाव एत्येन. फ्रान्सात साहेबाला 'मुस्यू' म्हणतात, त्याचं आमच्या लोकांनी 'मुसा' करून टाकलं, आणि त्यांनीही ते आनंदानं घेतलं. तिकडे ते नाटकं लिहीत. एका नाटकात बादशहा मुकुटाखाली स्वतःचं डोकं शोधत फिरतो असं दाखवलं, तर पहिल्याच प्रयोगात शिपाई रंगमंचावर चढले. प्रेक्षकांना ते नाटकातलेच वाटले. "माझ्या सगळ्या टाळ्या त्या शिपायांनी नेल्या," असं सांगून ते पोट धरून हसत. देश सुटला. बरोबर आली ती ही काठी. त्यांच्याकडे खेळ सुरू होण्याआधी फळीवर काठीचे तीन ठोके देतात म्हणे. लोक गप्प होतात आणि मगच पडदा उघडतो.

अमेरिकेत लढाई पेटली, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, तेव्हा ते मुंबईच्या एका पेढीचे कारकून म्हणून अमरावतीच्या वखारीत येऊन बसले. मीही शाळेतली मास्तरकी सोडून तिथेच दुभाषी झालो होतो. सरकी काढणाऱ्या बायांकडून ते मराठी शिकले, त्यामुळे पुण्याकडच्या तहसीलदारालाही "तू कावून आला?" म्हणजे का आलास, असं एकेरीतच विचारत. तहसीलदार लालेलाल होई आणि मी मध्ये पडून सारवासारव करी. सारवासारव हा माझा धंदाच होता म्हणा ना. ठेचा खाऊन त्यांच्या डोळ्यांतून धारा लागत, आणि त्या पुसत पुसत ते आणखी मागत.

एका पोळ्याला मी त्यांना नांदगावला नेलं. तोरणाखाली बैल उभे, आणि गणुजीनं भर गर्दीत पाटलासमोर झडती, म्हणजे पोळ्याचं टोमणे मारणारं दोन ओळींचं गाणं, म्हटली:

"बैलाले चारली पुरनाची पोयी,
गड्याले पाटील म्हने, भाकर नाई."

झडतीमागून ठरलेला 'हर हर महादेव' झाला, सगळे हसले, पाटीलही हसला. मुसासाहेब घाबरून माझ्या कानाशी लागले, "आता याला धरतील?" मी म्हटलं, पोळ्याच्या दिवशी झडतीचा राग धरायचा नसतो, अशी आमची रीत आहे. ते पाराच्या दगडावर टेकले. म्हणाले, "मास्तर, ह्याच्यापायी मले देश सोडा लागला."

पुढच्या पोळ्याला ते स्वतः उठले. आमचा वखारीचा गोरा साहेबही त्या दिवशी पाहुणा होता. मुसासाहेबांनी पाराच्या दगडावर तीन ठोके दिले. गाव चिडीचूप.

"गाठोडं आलं कोरडं, वखारीत झालं वलं,
सायेब म्हने, कास्तकारा, तूनंच पानी घातलं."

लोक हसून लोटपोट झाले. काही न कळता साहेबही हसला. दुसऱ्या दिवशी मात्र त्यानं मला बोलावून अर्थ विचारला. तो मी सांगितला. मग त्यानं विचारलं, "कापसावर पाणी मारताना तू पाहिलंस?" मी पाहिलं होतं. वजन वाढवायला वखारीतच घागरी रिकाम्या होत होत्या, आणि पुढे तक्रार आली की खापर शेतकऱ्यांवर फुटत होतं. मी म्हणालो, "नाही." नोकरी जाईल या भीतीनं म्हणालो, दुसरं काही कारण नव्हतं. खोटारडे ठरवून मुसासाहेबांना त्याच दिवशी काढलं.

ते अकोल्याला गेले. दंडार, म्हणजे गावोगावचे नाचगाण्याचे खेळ, करणाऱ्या मंडळींना सोंगं लिहून देत आणि त्यांच्याच चुलीवर जेवत. मी भेटायला गेलो तेव्हा मान वर करवेना. त्यांनीच भाकरी पुढे सारली. "नट कधी कधी आपलं वाक्य विसरते, मास्तर. त्याले काय फाशी देतेत? पुढच्या पोळ्याले म्हना." दर वर्षी भेटीत तेच विचारत, "म्हनलं?" आणि दर वर्षी मी विषय बदलत असे. वखार बंद पडली, साहेब विलायतेला गेला, भिण्यासारखं कुणी उरलं नाही, तरी मी गप्पच होतो. माणसाला गप्प बसायचीही सवय लागते.

परवा पोळा झाला. काठी घेऊन नांदगावला गेलो. पाराच्या दगडावर तीन ठोके दिले. तिसरा नीट बसला नाही.

"पानी घालताना पायलं दोन्ही डोयानं,
सायेबापुढं म्हनलं, नाई पायलं मास्तरानं."

कुणी हसलं नाही. मग गणुजीनंच 'हर हर महादेव' म्हटलं आणि मागोमाग गावानं. जवळ येऊन तो म्हणाला, "मास्तर, आमाले सारं मालूम होतं. मुसासायेबानंच सांगतलं होतं, मास्तर म्हनंपर्यंत कोनी बोलू नका म्हून."

रीतच अशी की कुणाला माझा राग धरता येत नव्हता. मला वाटलं, कुणीतरी धरायला हवा होता.

घरी आलो. काठीच्या टोकाला नांदगावच्या पाराचा चिखल लागला होता. बायको पुसायला निघाली. मी म्हटलं, राहू दे.