आईनं पाण्यात उतरवलेली बोट

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तो दिवाळीनंतर. पाय व्यायामानं बराच सुधारला, उजवा हात लुळाच राहिला आणि बोलणं गेलं. सगळं गेलं असंही नाही, एक शब्द उरला. चहा. पंखा बंद करायचा असला तरी चहा, पाठ दुखत असली तरी चहा. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतंय, फक्त हवा तो शब्द सापडत नाही. पहिले काही दिवस आम्ही खरोखरच कप पुढे करायचो आणि ते वैतागून तोंड फिरवायचे. मग आई शब्दाकडे लक्ष न देता आवाजाकडे लक्ष द्यायला लागली. कुठला चहा म्हणजे काय, ते तिला हळूहळू कळायला लागलं. मला आजही सगळे कळत नाहीत.

मार्चमध्ये बाबा रोज दुपारी चप्पल घालून दाराशी उभे राहायला लागले. वर्तकनगरच्या आमच्या घरातून ते एकटे कुठे जाणार होते? खाली बागेत नेलं तरी समाधान होईना. मी ठाकुर्लीला राहते, त्यामुळे हे सगळं मला फोनवरच कळत होतं. एके दिवशी आईनं सांगितलं, "अगं, त्यांना कोलशेतला जायचंय. बोट काढायची वेळ झाली ना."

बोट म्हणजे बाबांचा निवृत्तीनंतरचा हट्ट. ते कोलशेतच्या एका कारखान्यात फिटर होते. खाडीकाठच्या गावातला एक सहकारी त्यांचा जिवाभावाचा मित्र, आम्ही त्याला काका म्हणतो. त्याच्यासोबत बाबांनी फायबरची एक जुनी मोटरबोट घेतली होती. धंद्यासाठी नाही, निव्वळ हौस म्हणून. पावसाळ्याआधी ती काकांच्या अंगणात ताडपत्रीखाली जायची आणि मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा तयार व्हायची, सुट्टीत येणाऱ्या भाचरांसाठी. बोटीचं इंजिन बाबा कुणालाच हात लावू देत नसत. काकांना बोट चालवता यायची, पण इंजिन खोललं ते कायम बाबांनीच. आणि आई? ती डबा घेऊन काठावर बसायची. बोट डुलायला लागली की तिच्या पोटात ढवळायचं.

तर त्या रविवारी मी स्कूटर काढली आणि माणकोलीच्या पुलावरून थेट कोलशेतला गेले. आई-बाबा रिक्षानं आलेले. बाबा काकांच्या ओट्यावर खुर्चीत बसलेले आणि आई साडीचा पदर खोचून ताडपत्रीच्या दोऱ्या सोडत होती. काकांना बाबांची ती अवस्था बघवत नव्हती. ते म्हणाले, "यंदा र्‍हाव दे ना वयनी. पुढच्या वर्षाला बघू."

"पुढच्या वर्षी मी अजून म्हातारी होईन," आई म्हणाली आणि दोरी सोडत राहिली.

ती आयुष्यभर कॉलनीतल्या बायकांना शिवण शिकवत आली. शिलाई मशीन बिघडलं तर स्वतःच खोलायचं, तेल द्यायचं आणि पुन्हा जोडायचं, ही तिची सवय. इंजिनकडे ती तशीच बघत होती, न घाबरता आणि घाई न करता. तिनं बाबांची खुर्ची बोटीच्या अगदी जवळ आणून ठेवली. हत्यारांची पेटी त्यांच्या मांडीवर दिली आणि म्हणाली, "तुम्ही काढून द्या, मी फिरवते."

पुढचे कितीतरी रविवार आमचे त्या अंगणात गेले. बोट धुतली तेव्हा तळाला एक चीर दिसली. काका फायबरचं काम जाणणारे, त्यांनी कापड आणि रेझिन लावून ती बुजवली. पॉलिश पेपरनं घासायचं काम माझं. नखांत पांढरी पूड जाऊन आठवडाभर हाताला खाज सुटायची. इंजिन मात्र त्या दोघांचं. बाबा डाव्या हातानं पाना निवडायचे, आईच्या हातात द्यायचे आणि नट कुठला ते बोटानं दाखवायचे. तिनं उलटा फिरवला की रागाचा चहा, बरोबर फिरवला की नुसता हुंकार. जुनं पेट्रोल काढलं, गिअरचं तेल बदललं, प्लग घासून लख्ख केला. लाइफ जॅकेटांचे कुजलेले पट्टे आईनं घरी नेऊन नव्यानं शिवून आणले. दोन्ही हातांनी इतक्या जोरात ओढून तिनं ते तपासले की काकी हसायला लागल्या.

मला त्या दोघांकडे बघत बसायला आवडायचं. घरी बाबा खचलेले असायचे. जेवताना घास सांडला की डोळ्यांत पाणी यायचं. इथे तेच बाबा खुर्चीत ताठ बसायचे. आईनं त्यांना एकदाही लहान मुलासारखं समजावलं नाही. पटलं नाही तर वाद घालायची, तेही उलट चहा-चहा करून भांडायचे. तिचा हा धीर कुठून येत होता कोण जाणे. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "धीर कसला? मला पण कंटाळा येतो गं. पण इथे आलं की ते रात्री शांत झोपतात."

मग इंजिन चालू करून बघायचा दिवस आला. पाण्यानं भरलेल्या पिंपात इंजिनचा पंखा बुडवून ते उभं केलं. काकांनी दोरी ओढली, एकदा, दोनदा, आणि इंजिन धडधडायला लागलं. आम्ही सगळे खूश. बाबा मात्र खुर्चीतून अर्धे उठले आणि चहा, चहा म्हणून ओरडायला लागले. काकी लगबगीनं आत वळल्या. आईनं बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, त्यांचं बोट कुठे जातंय ते पाहिलं आणि पटकन बटण दाबून इंजिन बंद केलं.

इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची एक बारीक धार बाजूच्या भोकातून बाहेर पडायला हवी. ती पडतच नव्हती. तसंच चालू राहिलं असतं तर इंजिन तापून जाम झालं असतं. बाबांनी पेटीतली पातळ तार शोधून आईला दिली. तिनं ती भोकात घालून फिरवली तशी आतून वाळलेली माती गळायला लागली. कुंभारीण माशीनं पावसाळ्यात तिथे घर केलं होतं. पुन्हा दोरी ओढली. आधी गढूळ थेंब आले आणि मग स्वच्छ धार लागली. आईनं धारेखाली हात धरला आणि तोच ओला हात बाबांच्या गालाला लावला. पाणी किती कोमट आहे ते दाखवायला असावं. काका उगाचच ताडपत्रीची घडी घालायला लागले.

एप्रिलमध्ये भरतीचं पाणी चढल्यावर बोट उतरावरून खाडीत ढकलली. चालवायला काका बसणार असं आम्ही गृहीत धरलेलं. पण आई जॅकेट घालून इंजिनपाशी जाऊन बसली. काकांनी तिला काठाकाठानं चालवायला शिकवलं होतं, गुपचूप, मधल्या वारी. पोटात ढवळतं त्याचं काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, "ढवळतं ना. पण हातात काम असलं की कमी ढवळतं."

बाबांना मी आणि काकांनी धरून पुढच्या फळीवर बसवलं. आई निघाली ती वेडीवाकडीच. पाणी कुठे उथळ आहे, गाळ कुठे साचलाय, ते बाबांना पाठ. त्यांनी डावा हात वर केला. हात डावीकडे झुकला की आई डावीकडे वळवायची, सरळ झाला की सरळ. तिवरांच्या कडेनं बोट पुढे गेली आणि वळणापलीकडे दिसेनाशी झाली. मी आणि काका काठावर उभे राहिलो. ते आवाज ऐकत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "वेग बरोबर धरलाय वयनीनं."

ती दोघं परत आली तेव्हा आईचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि काठाला लावताना बोट गाळात रुतली. काकांना गुडघाभर चिखलात उतरून ती ओढावी लागली. बाबांची पँट भिजली होती, केस वाऱ्यानं उभे राहिलेले. आईला उतरायला मी हात दिला. तो तिनं घेतला नाही. आधी बाबांना उतरव म्हणाली आणि स्वतः इंजिन वर उचलून, त्यावरचा चिखल धुवत बसली.