चौदा महिने बेशुद्ध

जगन्नाथ मेश्राम नागपूरहून न्यू जर्सीला आला तो औषधांच्या कंपनीत केमिस्ट म्हणून. पण आतून तो नटच होता. कॉलेजात असताना आंबेडकर जयंतीच्या नाटकांत त्याने टाळ्या घेतल्या होत्या, आणि ती चव एकदा जिभेला लागली की सुटत नाही. तिथल्या वेस्ट विंडसरहून तो महिन्यातून दोनदा न्यूयॉर्कला ऑडिशनला जायचा. ऑफिसात सांगायचा, डेंटिस्टकडे चाललोय. साहेबाला वाटायचं, या माणसाला दात आहेत तरी किती!

कामं मिळायची. टॅक्सीवाला, मोटेलवाला, पुन्हा टॅक्सीवाला. पण जगन्नाथने तोंड उघडलं की दिग्दर्शकाचा चेहरा पडायचा. "जरा आणखी इंडियन बोल ना." शेवटी एजंटने त्याला एका बाईंकडे शिकवणीला पाठवलं. ओहायोच्या त्या बाईंनी भारत कधी पाहिला नव्हता. त्यांनी तीन शनिवार खर्चून जगन्नाथला भारतीय माणूस कसा बोलतो ते शिकवलं. मान कशी हलवायची, तेसुद्धा.

१९९४ साली दुपारच्या एका मालिकेत त्याला भूमिका मिळाली. मिस्टर पटेल, अपघातात बेशुद्ध. काम दोन दिवसांचं. पण त्याच्या खाटेशेजारी उभे राहून डॉक्टर आणि नर्स प्रेमात पडले, प्रेक्षकांना ते आवडलं, आणि मग खाट हलवायची कुणाची छाती होईना. जगन्नाथ चौदा महिने बेशुद्ध राहिला. दर सोमवारी शूटिंग. त्या बदल्यात शनिवारी लॅब.

इकडे तो स्टार झाला. तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष राजीव दाभाडे यांनी दिवाळीच्या कार्यक्रमात त्याला शाल पांघरवली. "जगन्नाथराव, अभिनयाचं रहस्य सांगा."

"पडून राहायचं," तो खरं तेच बोलला. लोक म्हणाले, काय हा विनय! मंडळातल्या सीमाकाकूंनी त्याला बाजूला घेऊन दुखरा गुडघा दाखवला. टीव्हीवर का होईना, माणूस हॉस्पिटलातला होता.

"रविवारी घरी हेच करता," त्याची बायको सुलेखा म्हणाली, "तेव्हा नाही कुणी शाल देत."

मग एके दिवशी निरोप आला: पुढच्या सोमवारी मिस्टर पटेल शुद्धीवर येणार. वाक्य एकच, 'माझं दुकान कोण बघतंय?' जगन्नाथ आठवडाभर त्या वाक्याशी झटला. नागपूरला वडील आजारातून शुद्धीवर आले, तेव्हा तो उशाशी होता. ते किती हळू, किती लाजत बोलले होते! कॅमेरा सुरू झाला आणि तो तसंच बोलला, स्वतःच्या आवाजात.

"कट! ॲक्सेंट कुठाय?"

"हाच माझा ॲक्सेंट."

"तुझा असेल. मिस्टर पटेलचा?"

"मिस्टर पटेल चौदा महिने एक शब्द बोललेला नाही," जगन्नाथ म्हणाला. "तो कसा बोलतो, तुम्हाला काय माहीत?"

दिग्दर्शकाने आणखी तीन टेक घेतले. तिन्ही वेळा जगन्नाथ तसाच बोलला.

मिस्टर पटेल पुढच्याच भागात वारले. पडद्याबाहेर. त्या दिवशी जगन्नाथला बोलावलंसुद्धा नाही. एजंटचा फोन यायचाही बंद झाला.

हिवाळ्यात जवळच्या गावातल्या पन्नास खुर्च्यांच्या एका थिएटरला पोस्टमास्तर हवा होता. नाटक आयर्लंडमधल्या खेड्याचं. दिग्दर्शिका बाईंनी त्याचं वाचन ऐकलं आणि एवढंच विचारलं, "शेवटच्या रांगेला ऐकू जाईल ना?" अकरा प्रयोग झाले.

"बाबा, यू वर द बेस्ट," मुलगी उपासना म्हणाली. "एव्हरीवन एल्स वॉज ॲक्टिंग."

मंडळातून सात माणसं आली. मध्यंतरात राजीवरावांनी हळूच चौकशी केली, "ते ठीक आहे हो, पण टीव्हीवर परत कधी?"

परत नाही. जगन्नाथ दर हिवाळ्यात त्याच थिएटरात उभा राहू लागला. न्यायाधीश झाला, पाद्री झाला, एकदा जर्मन स्वयंपाकी. प्रेक्षक कधी पन्नास, कधी नऊ. नऊ असले की तो जास्त चांगलं काम करतो, असं सुलेखाचं मत आहे.