डावा कान जमनामावशीचा

बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या जमनामावशीला सिनेमातली गाणी आवडत नाहीत. मोबाईलवर गाणं लागलं की ती अंगठ्याने पुढे ढकलते. तिला हवं असतं ते गाण्यांच्या मधलं, कुणी बोलत नसताना मागे वाजतं ते. "गान्याला शब्द असतात, कोनालापन कळतं," ती म्हणते. "मागचं वाजवताना कळतो मानूस कसा हाय तो."

मी दांडी गावात तिच्या शेजारच्या घरातली. कॉलेज सुटल्यावर रिक्षा भरेपर्यंत तिच्या टोपल्यांमागे बसते आणि आवाज काढते. भूत येण्याआधीचं 'ईंईंऽऽऽ'. हिरो गाडीतून उतरतानाचं 'ढ्यांग, ढ्यांग'. सासूच्या तोंडावर कॅमेरा आपटतो तेव्हाचं 'धाड! धाड! धाड!' एकदा जवला घ्यायला आलेला कारखान्यातला रामकिसन दचकून मागे बघायला लागला. "कौन आया?"

"कोई नाय भैया," मावशी म्हणाली, "तेरा सास आया."

संगीतकारांची खरी नावं तिला ठाऊक नाहीत, त्यालाही कारण आहे. तिच्या तरुणपणी शिमग्याला किनाऱ्यावर पांढरा कपडा ताणून सिनेमा दाखवायचे. मासळी निवडून, हात धुऊन बायका पोचेपर्यंत पुढची जागा भरलेली असायची. मग मावशी आणि तिची मैत्रीण चंद्रकांता, म्हणजे आमची चंद्राकाकी, कपड्याच्या मागच्या बाजूला जाऊन बसायच्या. तिथून सगळंच उलटं. हिरो डावखुरा, आणि नावं वाचायची तर आरसा घेऊन बसायला हवं. तेव्हा दोघींनी आपलीच नावं ठेवली. सारखं व्हायलिन घासतो तो रडका. चहाच्या सीनलाही ढोल बडवतो तो वरातवाला. चांगलं सुरू करून मध्येच विसरतो तो पेंगट. पुढे मोबाईल आले, अक्षरं सुलट झाली, पण रडका रडकाच राहिला.

बाजारात दोघी खेटून बसायच्या. इअरफोन एकच. एक टोक जमनामावशीच्या डाव्या कानात, दुसरं चंद्राकाकीच्या उजव्या. आणि एका सीनवरून तर नुसती जुंपलेली असायची. सिनेमा रडक्याचाच. बाप घरी येतो, दार उघडतो, तर लेकीची खोली रिकामी.

"काय घासतोय मेला! गप राहा ना जरा. दाराचा आवाज पुरे होता की."

"जमने, बासरी ऐक. बापाचा श्वास हाय तो. सुदारला तुझा रडका."

"बासरी? कुटं हाय बासरी?"

"कानात बोंबील घातलेस काय?"

"तुझ्या सासूनं घातले!"

समोर गिऱ्हाईक तिष्ठत उभं असायचं, पण हे मिटल्याशिवाय त्याला मांदेली मिळायची नाहीत. आणि मिटायचं कुठे?

दिवाळीनंतर चंद्राकाकीच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. लेक हेमाली तिला किनाऱ्यावरच्याच नवापूर गावी, आपल्या सासरी घेऊन गेली. मावशी भेटायला गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी गोड बोलली. "तुजंच खरं गो चंद्रे. बासरी हाय. रडका सुदारला." चंद्राकाकीने तिच्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. पुढच्या वेळी गेली तेव्हाही तेच. मग मावशी जायचीच थांबली.

"आजारी मानसाला 'हो' नाय म्हनायचं, तर काय म्हनायचं?" तिने मला विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत बोंबील उलटेपालटे करायला लागली.

शेजारचं गोणपाट मात्र ती रोज अंथरते. कुणी तिथे टोपली टेकवायला आलं की सांगते, "मानूस येतंय." रांगेतल्या सगळ्या जणींना ठाऊक आहे की कुणी येत नाही. हल्ली त्या टोपली घेऊन आपणहूनच पुढे जातात. इअरफोनचं एक टोक मावशीच्या कानात असतं, दुसरं ती पदरात खोचून ठेवते. सिनेमा चालू असतो, पण शिवी एकही ऐकू येत नाही. रडक्याने काहीही घासलं तरी तोंड मिटलेलं.

असंच एकदा तिने तोच सीन लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिच्यासारखं बोल ना."

चंद्राकाकी नाकातून बोलायची आणि वाक्याचं शेपूट वर उचलायची. मी उचललं. "जमनेऽ, बासरी ऐऽक! कानात बोंबील घातलेस काऽय?"

मावशी खळखळून हसली, मग हसू मध्येच तुटलं. "आवाज तिचाच हाय," ती म्हणाली. "पन बासरी नाय म्हंजे नाय." आणि मला खोटं पाडायला तिने पदरातलं टोक काढून उजव्या कानात घातलं.

सीन संपला. तिने पुन्हा लावला. गिऱ्हाईक भाव विचारून निघून गेलं. तिने डावं टोक काढून ऐकलं, मग उजवं काढून ऐकलं.

"हाय गो," ती म्हणाली. "बासरी हाय. पन या कानात. सगळी तिच्याच कानात होती."

रडक्याने व्हायलिनं डावीकडे ठेवली होती आणि बासरी उजवीकडे. दोघी अर्धं अर्धं ऐकत होत्या आणि भांडण अख्खं करत होत्या! मला हसू आवरेना. मावशीला आलंच नाही.

"मी तिला बरं वाटावं म्हनून हो म्हटलं," ती म्हणाली, "आनि ते खरंच निगालं. आता खरं सांगायला गेले तर ती कशाला मानंल?"

तरी आम्ही दोघी नवापूरला गेलो. हेमालीने दारातच सांगितलं, "आई कुनाकडं बघत नाय हल्ली." मावशी खाटेजवळ बसली. "चंद्रे, बासरी हाय गो." तोंड भिंतीकडे. मग मावशीने इअरफोनची दोन्ही टोकं काकीच्या दोन्ही कानांत घातली आणि सीन लावला.

आधी काही नाही. मग काकीचे डोळे मोठे झाले, आणि मग नाक असं आक्रसलं, जसं कुणी कुजका जवला नाकाशी धरलाय. चालत्या डाव्या हाताने तिने डाव्या कानातलं टोक उपटलं, चिंबोरी चावल्यासारखं, आणि मावशीच्या अंगावर फेकलं.

"ह्यँऽऽऽ!"

मी पुष्कळ आवाज काढते, पण व्हायलिन इतकं वाईट मला कधी वाजवता आलेलं नाही.

मावशीने अंगावरचं टोक उचललं. मग तिने ते टोक आपल्या कानात घातलं आणि तिचा आवाज चढला. "व्हायलिन नको? अगो, बासरी थांबते तेवा तिला हुडकत फिरतं ते! त्याच्याबिगर कळंल तरी काय, की ती थांबली?"

"ह्यँऽऽऽ!"

"तूच म्हनायचीस ना, सुदारला म्हनून!"

धप! काकीने खाटेवर हात आपटला. पुन्हा धप! हेमाली धावत आली. "मावशी, नका हो तिला तरास देऊ."

"तू मदी पडू नको गो," मावशी म्हणाली. "ऐक पुन्ना, चंद्रे. अक्कल नाय ती नाय तुला." काकीने भिंतीकडे बघितलंच नाही.

पण नवापूरला रोज कोण जाणार? बोंबील विकायचे असतात. बाकीचे दिवस मावशी बाजारात असते, शेजारी गोणपाट अंथरलेलं. आता ती दुसरं टोक पदरात खोचत नाही, तसंच त्या गोणपाटावर सोडून देते. परवा रामकिसनने वाकून बघितलं. "मौसी, आपके कान का एक गिर गया."

मावशीने मान वळवली नाही. "मेरा नाय है वो," ती म्हणाली.