जुना कर्नेल आणि दोनशे स्थळं

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात लिनक्स येणारा मी एकटाच, असं मीच सगळ्यांना सांगत असे. नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली होती. बसस्टँडजवळच्या एका कंप्युटर क्लासात मी शिकवायचो आणि ज्याला माऊस धरता येत नाही तो माणूसच नाही, असं माझं ठाम मत होतं. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय.

तहसील कचेरीतून रिटायर झालेले एक काका आमच्या समाजाची वधू-वर सूची सांभाळत. तिरोडीपासून मलाजखंडपर्यंतच्या मराठी घरांतून आणि गोंदिया-भंडाऱ्याकडूनही मुलामुलींची माहिती मागवायची, पुस्तिका छापायची आणि मेळाव्यात वाटायची. इथल्या मुलींना गोंदिया-भंडाऱ्याकडची स्थळं मिळत ती त्या पुस्तिकेतून. त्या वर्षी काकांनी कंप्युटर घेतला. चोरीच्या विंडोजला व्हायरस लागायचे, म्हणून विंडोजच्या जागी मासिकासोबत आलेल्या सीडीतलं फुकटचं लिनक्स मी त्यावर टाकून दिलं. एका बोटानं टाइप करत त्यांनी चार महिन्यांत दोनशेवर स्थळं भरली. जन्मपत्रिकेचा कागद कोणी कचऱ्यात टाकत नाही. म्हणून माहिती भरून झाली की टपालानं आलेली पत्रिकांची पाकिटं काका वैनगंगेत सोडून येत.

मेळाव्याच्या आठ दिवस आधी माझ्या हाती नव्या कर्नेलची सीडी आली. कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा. तो उठला नाही तर मशीन उठत नाही. काकांचं चांगलं चालत होतं, पण मला मिरवायचं होतं. मी त्यांना मशीन रिक्षात घालून क्लासात आणायला लावलं.

"अगोदर स्थळं फ्लॉपीत काढून घेऊ काय?" काकांनी विचारलं.

"फ्लॉपीच्या जमान्यातून बाहेर या आता, काका."

नवा कर्नेल बसला. जुना शेजारीच होता, सुरू करताना दोन्हींतला कोणताही निवडता आला असता. जागा अडते म्हणून मी तो पुसायला घेतला.

"राहू दे ना बाबू," काका म्हणाले. "कुठं भाकर मागून राह्यलं ते."

"तुमी पोरापोरींच्या पत्रिका जुळवा. मशीनची पत्रिका मले समजते."

क्लासातली मुलं हसली. काकाही हसले.

मशीन पुन्हा सुरू केली. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि तिथंच सगळं थांबलं. नव्या कर्नेलला डिस्क ओळखता येत नव्हती आणि जुना मी पुसला होता. पुढं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. मुलं बघत होती.

"हार्डडिस्क बिघडली," मी म्हणालो. "तुमीच घरी उलटसुलट काही दाबलं असन."

"म्या?"

"मंग कोनं?"

काकांनी आपल्या हाताकडे पाहिलं. "आन् स्थळं?"

"गेले ते."

गेली नव्हती. तासाभरानं मी सगळी डिस्क कोरी करून लिनक्स नव्यानं टाकलं, तेव्हा गेली. पुढं एका जुन्या मासिकात वाचलं की अशा वेळी लिनक्स टाकलेली मूळ सीडी घालून मशीन उठवली की सगळ्या फायली जागच्या जागी सापडतात. त्या दिवशी डिस्क कोरी करायला मी ड्रॉवरमधून तीच सीडी काढली होती.

काका घरोघरी जाऊन "माह्याच हातानं बिघडलं" म्हणत पुन्हा माहिती मागत फिरले. लोकांनी दारातूनच वाटेला लावलं. मेळाव्यात अध्यक्ष स्टेजवरून म्हणाले, म्हातारपणी कंप्युटरचा नाद बरा नाही. हॉल हसला. मी बुंदी खात होतो, मीही हसलो. समाजानं सूची त्यांच्याकडून काढून घेतली. मी तोंड उघडलं असतं तर ती त्यांच्याकडेच राहिली असती. मी भित्रा होतो आणि त्याहून जास्त नीच होतो.

तीन वर्षांनी माझं लग्न जमलं. जमवलं काकांनीच. भंडाऱ्याची मुलगी त्या बुडालेल्या यादीतली होती, त्यांना तोंडपाठ होती. मांडवात माझ्या सासऱ्यांना ते सांगत होते, "पोरगा हुशार आहे. म्या बिघडवलेली मशीन यानंच वाचवली."

मी वाकून त्यांच्या पाया पडलो. त्याचा फोटो अल्बमात आहे. बायको दर वेळी तिथं थांबते आणि म्हणते, "किती प्रेमानं पाहून राह्यले ना काका तुमाले."

मी हौ म्हणतो आणि पान उलटतो.