सशाच्या फासातली गाठ

माझ्याच लग्नाच्या पंगतीत माझी जीभ जरा सैल सुटली. सासऱ्यांना म्हणालो, "आमच्या नंदुरबारला या एकदा, मी धरलेला ससा खाऊ घालतो." सासरे नवापूरचे. जंगलाच्या तोंडाशी राहणारा माणूस तो, ससा त्यांना काय नवा? पण ते नुसते हसले, आणि त्या हिवाळ्यात शुक्रवारच्या गाडीने येतो म्हणून निरोप धाडला. बायको म्हणाली, "बोलून बसलात ना? आता निस्तरा." तिच्या माहेरी माझी काय किंमत राहणार, ते आता एका सशावर ठरणार होतं.

तसा मी फासात कच्चा नव्हतो. आमचा धंदा कंदील नि स्टोव्ह दुरुस्तीचा, त्यामुळे पितळी तारेला तोटा नाही. तार निखाऱ्यावर लाल करून गार होऊ द्यायची, म्हणजे ती मऊ पडते. मग दोन पदर एकत्र पिळायचे. चकाकी जावी म्हणून धुरावर धरायची, आणि हाताचा वास जावा म्हणून हरभऱ्याच्या पाल्याने चोळायची. टोकाला बारीक डोळा, त्यातून तार ओवली की झाला फास. आमच्या घरच्या फासाला मात्र एक गाठ जास्त. तिच्यापाशी आला की फास आवळायचा थांबतो. ससा अडकतो, पण गुदमरत नाही. गळफासाने मेलेलं जनावर आम्हाला चालत नाही. बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरेपर्यंत ते जिवंत हवं. म्हणून फास लावून घरी जाऊन झोपता येत नाही, जवळच दबा धरून बसावं लागतं. थंडीत नाक गळतं ते निराळंच.

फास मी लावायचो गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याच्या हरभऱ्यात. आमची दोस्ती त्याच्या कंदिलापासूनची. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदासुद्धा जपून शिजायचा. ससे त्याचा हरभरा शेंड्यापासून खुडून न्यायचे, पण मारा म्हणायला त्याची जीभ रेटायची नाही. मी विचारलं तेव्हा तो बांधाकडे पाठ करून म्हणाला, "माले काही सांगू नको, काही दखाडू नको." याला परवानगी म्हणायचं, हे मला एवढ्या वर्षांच्या दोस्तीत कळत होतं.

शुक्रवारी उजाडता उजाडता मी बोरीच्या कुंपणाआड बसलो होतो. तारेला हिसका बसला. मी सुरी घेऊन धावलो, तर फासात शेतकऱ्याचा पिवळा कुत्रा! सगळं शिवार डोक्यावर घेतलं त्याने. आता कुठला ससा तिथे थांबतो? आरडाओरड ऐकून शेतकरी पळत आला. कुत्रा त्याचा फार लाडका. त्याने फास सोडवला आणि त्याचं बोट गाठीवर थांबलं.

"हाई गाठ कसाले शे?"

ती कशासाठी, ते मी सांगितलं. तो कुत्र्याची मान चोळत बसून राहिला. मी त्याच्यापाशी सासऱ्यांचं रडगाणं गायलं, फास तिथेच सोडले आणि चरफडत घरी आलो. दुपारी बोकडाचं मटण आणायचं आणि मान खाली घालून वाढायचं, दुसरं काय!

पिशवी घेऊन बाजाराला निघालो, तर दारात शेतकरी. छातीशी उपरण्याचं गाठोडं आवळलेलं, आणि तोंड पार दुसरीकडे वळवलेलं.

"ले, धर लवकर. ह्या फडकाम्हा काय शे, ते मी दखेल नही. नुसत्या लाथा मारी ऱ्हायनं."

मी गाठोडं हातात घेतलं. ज्या माणसाच्या हातून मुंगी मरत नव्हती, तो माझ्यासाठी त्या कुंपणाआड बसून आला होता. सख्ख्या भावाने केलं नसतं इतकं त्याने केलं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

मी त्याला जाऊ दिलं नाही. सासरे आत जेवत होते, तो ओट्यावर गूळ-शेंगदाणे खात बसला. जेवून बोटं चाटतच सासरे बाहेर आले. शिकार कुणाच्या शेतातली, हे त्यांना कळलं होतं. ते आभार मानायला लागले, तर हा गडबडून गेला, म्हणे आपण नुसती भाजी आणली होती.

"मी ते नुसती भाजी लई उन्हू व्हतू."

सासऱ्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. बाराबंदीच्या उघड्या गळ्यातून, तुळशीच्या माळेखाली, ताजे लाल ओरखडे दिसत होते.

"भाऊ, तुमनी भाजीले नखं व्हतात का?"

माळ ओरखड्यांवर सारत तो म्हणाला, "वांगानी भाजी व्हती. काटा लागनात."