डोंगरावरचं लोणी

गेल्या शनिवारी सासूबाईंना घेऊन आल्प्समध्ये गेलो होतो. म्युनिकजवळच्या आमच्या उंटरश्लाइसहाइमहून एस-बान म्हणजे इथली लोकल, पुढे म्युनिकहून दुसरी ट्रेन आणि मग दीड तासाची चढण... चढणीवर सगळ्यात पुढे कोण, तर अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. मी आपली मागून धापा टाकत.

खरं तर ही ट्रिप म्हणजे माझा शेवटचा प्रयत्न होता. आई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि पाचव्याच आठवड्यात म्हणायला लागल्या, "माझं तिकीट जरा अलीकडचं करून द्या." का, तर काही नाही, सगळं छान आहे... त्यांचं 'सगळं छान' म्हणजे नक्की काय, हे बारा वर्षांच्या संसारात मला चांगलंच कळलंय.

मला फार लागलं हो ते. मी तर त्यांना तळहातावर ठेवलं होतं. "आई, तुम्ही बसा. आयुष्यभर राबलात, आता आराम करा," असं म्हणून मी त्यांना चहासुद्धा करू देत नव्हते. मग बिघडलं कुठे? मी ठरवून टाकलं की इथलं खाणं त्यांना झेपत नाही.

तर आम्ही पोचलो आल्मवर. उन्हाळ्यात गाई चरायला वर आणतात, तिथली ही गवळ्यांची लाकडी घरं. बाहेर बाकं टाकलेली असतात आणि खायलाही मिळतं. इथली खासियत काइझरश्मार्न... जाडसर गोड धिरडं तव्यातच फाडायचं आणि आलुबुखाराच्या सॉसबरोबर खायचं. पण त्यात अंडं. आईंना चालत नाही.

मग काय, मी शहाणीने डबा उघडला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं. म्युनिकच्या बिअरगार्टनमध्ये घरचं खाणं चालतं ना, मग इथेही चालेल... असं मी आपलं गृहीत धरलं.

घराची मालकीण आली. सत्तरीची, दणकट, कपाळावर आठ्या. भिंतीवरच्या पाटीकडे बोट... बाहेरचं खाणं आणू नये. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. नवरा लगेच मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं बघायला लागला.

आईंनी मात्र शांतपणे डब्याला झाकण लावलं. "चुकलं आपलं, सांगून येते," म्हणाल्या आणि इराचा हात धरून आत निघाल्या. इरा माझी सात वर्षांची मुलगी. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंड उघडलं की जर्मन.

पंधरा मिनिटं झाली तरी दोघी येईनात. शेवटी मी आत डोकावले, तर मंडळी मागच्या दाराबाहेर...

मालकीणबाई एका स्टुलावर बसल्या होत्या. दांडा फिरवून लोणी काढायची मोठी काचेची बरणी आईंनी तिथल्या गार पाण्याच्या कुंडात नेऊन ठेवली होती आणि पदर खोचून त्या दांडा फिरवत होत्या. इराने मला सांगितलं ते असं... बाई मघापासून घुसळत होत्या पण साय कोमट, लोणी काही येईना. आईंनी बरणीला हात लावून बघितला आणि सरळ म्हणाल्या, "अगं, गार कर आधी." इराने ते जर्मनमध्ये सांगितलं. बाईंनी एकदा आईंकडे बघितलं, उठून जागा दिली आणि म्हणाल्या, मग तुम्हीच करा.

आईंच्या घरी वीस-पंचवीस वर्षं म्हशी होत्या. डोळे मिटून, नुसत्या आवाजावर त्यांनी ओळखलं. "आलं बघ." खरंच गोळा आला होता! मालकीणबाई "या, गेनाऊ!" म्हणजे 'हो, अगदी बरोबर!' म्हणून टाळ्या वाजवायला लागल्या.

मग बाहेर आमच्या टेबलावर काळ्या पावाचे जाड तुकडे आले. वर तेच ताजं लोणी आणि चिरलेली कांद्याची कोवळी पात. शेजारी ताकाचे पेले. आईंनी तीन तुकडे खाल्ले. वर आणखी ताक मागून घेतलं.

उतरताना मी बोलून गेले, आज बाहेरचं कसं काय आवडलं तुम्हाला? त्या थांबल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "खाण्याचं काय गं... इथे आल्यापासून मला आज पहिल्यांदा कुणी काम सांगितलं."

मला एकदम रडूच आलं. मी इतकी काळजी घेतली, इतकी घेतली की त्यांना स्वतःच्याच मुलाच्या घरात पाहुणी करून टाकलं... आणि वर मीच रुसून बसले होते.

रविवारी सकाळी मी धीर करून म्हटलं, "आई, आजचा स्वयंपाक तुम्ही बघाल का? मला जमणार नाही." त्या लगेच उठल्या. मी सवयीने मागोमाग गेले, मिसळणाचा डबा काढून दिला, गॅस कसा ते सांगायला लागले.

"कळतं मला. तू बाहेर जाऊन बस बघू!"

सासूबाईंनी झापल्यावर इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. तिकिटाचा विषय अजून तरी कुणी काढलेला नाही.