इटलीचा राजा, पुढाऱ्याचा ड्रेस

मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. तासिका तत्त्वावर, म्हणजे तास असला तर प्राध्यापक आणि सुट्टी लागली की गृहिणी. आमच्या अभ्यासक्रमात चारशे वर्षांपूर्वीची एक इंग्रजी शोकांतिका आहे. तिच्यावर दरवर्षी एकच प्रश्न येतो: ‘ऐतिहासिक पार्श्वभूमीने या नाटकाचा आशय कसा घडवला?’ पंधरा गुणांचा. मी उत्तर सांगते, मुलं लिहून घेतात, आणि आम्हा कोणाचाच त्या उत्तरात जीव नसतो.

उत्तर असं. तेव्हा इंग्लंडच्या गादीवर एक म्हातारी राणी होती. तिला मूलबाळ नव्हतं, आणि तिच्यानंतर कोण, हे चारचौघांत विचारणंही गुन्हा होता. नाटक लोकांपुढे येण्याआधी दरबारच्या अधिकाऱ्याला दाखवावं लागे आणि त्याला खुपेल ते गाळावं लागे. म्हणून नाटकवाले आपल्या गोष्टी इटलीत नेऊन ठेवत. विष घालणारे भाऊ, भिंतीआडचे हेर, गादी न सोडणारे म्हातारे, सगळे इटलीचे. आपल्याकडे याला लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथं लेक इटलीत आणि सून लंडनात, एवढाच फरक.

हे मी इतकी वर्षं सांगत होते आणि मला ते समजलंय अशी माझी समजूत होती.

गेल्या वर्षी आमच्या विभागात एक कायम जागा निघाली. मुलाखत स्नेहसंमेलनानंतर होती. शेवटचा शब्द संस्थेच्या अध्यक्षांचा. सगळे त्यांना साहेब म्हणत. ऐंशीच्या घरातले, पांढरा सदरा, पांढरी पँट, वर बिस्किटी रंगाचं जाकीट. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एक मुलगा, आणि लहानपणापासून घरातच वाढलेला एक पुतण्या. मुलगा संस्थेची बांधकामं बघायचा, पुतण्या प्रवेश बघायचा, आणि स्टाफरूममध्ये कोण कोणाच्या बाजूला बसतं हे आम्ही सगळे बघायचो. साहेबांनंतर कोण, हा विषय मात्र कोणी काढायचा नाही. एका सरांनी एका कार्यक्रमात ‘साहेबांनंतर आता मी दोन शब्द बोलतो’ एवढंच म्हटलं होतं. पुढच्या आठवड्यात त्यांची बदली अजिंठ्याच्या शाखेत झाली.

अशा ठिकाणी मी स्नेहसंमेलनासाठी तेच नाटक मराठीत करायचं ठरवलं. मुलाखतीआधी साहेबांच्या डोळ्यांत भरावं, एवढाच हिशेब होता. नाटकात इटलीतल्या एका गावचा म्हातारा ड्यूक असतो, त्याचा एक मुलगा आणि एक पुतण्या असतो, आणि तो वारस कोण ते सांगत नाही. तुम्ही म्हणाल, बाई, तुमचे डोळे कुठं होते? माझे डोळे पुस्तकात होते. पंधरा गुणांत ते जे एकदा अडकले ते अडकलेच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

संहिता आधी उपप्राचार्यांना दाखवावी लागते. त्यांनी लाल पेन घेतलं.

“हे विष कशाला?” ते म्हणाले.

“सर, सरबतातून विष देतात. त्याशिवाय नाटक पुढं जात नाही.”

“विष नको. कँटीन साहेबांच्या मेव्हण्याचं आहे. उद्या कोणी काही बोललं तर?”

मग विष गेलं आणि त्या जागी कट्यार आली. भूतही गेलं, कारण विज्ञान विभाग नाराज झाला असता. भिंतीआडून ऐकणारा हेरही गेला. त्याचं कारण त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यांच्या केबिनची भिंत आमच्या स्टाफरूमला लागून आहे. शेवटी त्यांनी विचारलं, “एकूण मरतात किती?”

“सात.”

“लई होतात हो मॅडम. पालक येतात. तीनवर मिटवा.”

भाजी घेतल्यासारखी घासाघीस करून आम्ही पाचावर आलो. पण मुलगा, पुतण्या आणि म्हातारा यांच्याकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. मला वाटतं, त्यांनी ते वाचलं आणि वाचलं नाही असं ठरवलं. आक्षेप घ्यायचा तर ‘वारस’ हा शब्द तोंडाने उच्चारावा लागला असता.

राहता राहिला पोशाख. मी औरंगपुऱ्यातल्या ड्रेस भाड्याने देणाऱ्या दुकानात गेले. चाचांनी कपाट उघडून दाखवलं. आत लोकनृत्याची लुगडी, दोन वाघ आणि एक झाड.

“चाचा, राजा हवाय. इटलीचा.”

“इटली का तो नै है मॅडम. और राजा तो एक बी नै बचा. ग्यादरिंगां चालू, ऊपर से शिवजयंती. सब राजे बाहर गए.”

“मग आता?”

चाचांनी विचार केला आणि एक हँगर काढला. पांढरा सदरा, पांढरी पँट, बिस्किटी जाकीट. “ये ले जाव. पुढारी. अब्बी यहीच राजे हैं.”

माझ्यापुढे दुसरा इलाज नव्हता. सिंहासनाची सोय मुलांनी परस्पर केली होती. साहेबांच्या केबिनमधली कोरीवकामाची, लाल गादीची खुर्ची. ती स्टेजवर ठेवलेली मी थेट कार्यक्रमाच्या संध्याकाळी पाहिली. खुर्ची साहेबांची, कपडे साहेबांचे, आणि ड्यूक झालेल्या मुलाने मेकअपवाल्याकडून केसही तसेच पांढरे करून घेतलेले. इटलीची आता फक्त नावं शिल्लक होती. पहिल्या रांगेत साहेब मध्ये, उजवीकडे मुलगा, डावीकडे पुतण्या. मी विंगेत उभी राहून कायम जागेचा मनातल्या मनात निरोप घेतला.

नाटक सुरू झालं. पहिले दोन प्रवेश लोक हसावं की नाही या विवंचनेत बसून होते. तिसऱ्या प्रवेशात ड्यूक खुर्चीत मरायला टेकला, आणि नेमके तेव्हा प्रमुख पाहुणे आले. दुपारी यायचे ते अंधार पडल्यावर आले. आमच्याकडे पाहुणे आले की चालू असेल ते थांबवून आधी सत्कार होतो. भाषण असो, गाणं असो, मरण असो. सूत्रसंचालन करणारी मुलगी माइक घेऊन स्टेजवर आली आणि म्हणाली, “अध्यक्षांना विनंती करते, त्यांनी पाहुण्यांसह व्यासपीठावर यावं.”

मरणारा ड्यूक उठला, साहेबांच्या पाया पडला आणि बाजूला झाला. साहेब सवयीने आपल्या खुर्चीत बसले. शाल झाली, नारळ झाला, पाहुण्यांना दुसरा कार्यक्रम होता म्हणून ते गेले. साहेब बसूनच राहिले. गुडघे दुखतात त्यांचे, आणि खुर्चीही त्यांचीच. त्यांना उठा कोण म्हणणार? प्रकाशयोजनेच्या मुलाला वाटलं, सगळं आटोपलं. त्याने दिवे मंद केले आणि नाटक पुढे सुरू झालं.

तालमीत मी मुलगा आणि पुतण्या झालेल्या दोघांना बजावलं होतं, काही झालं तरी खुर्चीसमोर गुडघे टेकायचे आणि खुर्चीकडे बघूनच बोलायचं. माझं इतकं कधी कोणी ऐकत नाही. त्या दिवशी दोघांनी ऐकलं. पुतण्या झालेला मुलगा खणखणीत आवाजात म्हणाला, “काका, अजून किती वाट बघायला लावता? तुमच्यानंतर कोण, ते एकदा सांगून टाका!”

 पहिल्या रांगेत साहेबांचा मुलगा छताकडे बघत होता आणि पुतण्या मोबाइलकडे. उपप्राचार्य दाराकडे सरकले. खरा ड्यूक काय करावं न सुचून बाजूला उभ्याउभ्याच मरून गेला.

साहेबांच्या हातात सत्काराचा माइक तसाच होता. त्यांनी त्यावर बोटाने टकटक केलं. “हॅलो. तू कुठला रं लेकरा?”

“अजिंठ्याकडला, साहेब.”

“लई बरं केलंस. इतक्या वर्षांत हे मला तोंडावर कुणी इचारलंच नाय. मी कुणाला मना केलं होतं व्हय?” त्यांनी सभागृहभर बघितलं. मग आवाज जरा खाली आला. “पर मला बी ठाव नाय, पोरा.”

सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. साहेबांनी विनोद केला असं सगळ्यांनी समजून घेतलं. मी विंगेत अगदी जवळ होते. ते हसत नव्हते. अजिंठ्याची ती बदलीही त्यांनी केली नव्हती, उपप्राचार्यांनीच परस्पर केली होती, हे मला नंतर कळलं. दरबारच्या अधिकाऱ्याला राणीने काही सांगावं लागतच नसे. माझ्या नोट्समध्ये हे वाक्य नव्हतं.

मुलाखतीला मी आशा सोडूनच गेले. साहेब मध्ये, मुलगा आणि पुतण्या दोन बाजूंना, बाहेरून आलेले तज्ज्ञ चहा घेत असलेले. तज्ज्ञांचे प्रश्न झाल्यावर साहेबांनी विचारलं, “मॅडम, ते तुमचं नाटक शेवटी राहिलंच. गादीवर कोण बसतं?”

खोटं बोलायची संधी होती. पण माझा स्वभाव आडवा येतो. “दोघंही नाही, साहेब. तोवर दोघं एकमेकांना मारून मोकळे झालेले असतात. शेजारच्या गावचा कोणी येतो आणि बसतो.”

“म्हणजे दोघांचं भांडण,” साहेब म्हणाले आणि म्हण अर्धीच सोडली. मग दोघांकडे न बघता म्हणाले, “मॅडमची ऑर्डर काढा. तुम्ही दोघं सह्या करा.”

मी पेढे वाटले. तिथं मी चुकले. आमच्या कार्यालयात खालच्या माणसाची सही आधी होते आणि वरच्याची शेवटी. त्यामुळे मुलगा अतिशय नम्रपणे म्हणायचा, “आधी त्याची होऊ द्या, तो धाकटा आहे.” आणि पुतण्या त्याहून नम्रपणे म्हणायचा, “छे, छे, आधी दादाची. तो मोठा.” उन्हाळा गेला, पावसाळा गेला. ऑर्डर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर इतक्या आदराने फिरत होती की बघणाऱ्याला राम-भरत आठवावेत. मी आपली तासिकेवर तीच पार्श्वभूमी सांगत होते.

शेवटी वैतागून मी खुलताबाद रोडवरच्या साहेबांच्या शेतावर गेले. ओट्यावर दोघे बसलेले, मध्ये साहेब, समोर चहा. आधी कोणी सही करावी याच्यावर दोघे तावातावाने बोलत होते आणि साहेब दोघांच्या कपांत चहा ओतत होते. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दोघे गेल्यावर मी तोंड उघडलं.

“साहेब, माझ्या ऑर्डरीचं काय?”

“थांबा जरा, मॅडम,” ते म्हणाले. “तुमच्या ऑर्डरीपायी पोरं रोज येऊ लागलीत. आधी सणाला येत होती.”

मला राग आला. चांगलाच आला. माझ्या पोटापाण्यावर यांचा चहा शिजत होता. “साहेब, चहा पाजा, पण एकदा त्यांच्या हातात पेनही द्या.”

त्यांनी कप खाली ठेवला. “पेन दिलं की परत येतं व्हय कुणी?”

 राणीनेही म्हणूनच पेन कधी कोणाच्या हातात दिलं नसावं. तिने नाव का सांगितलं नाही याची राजकीय कारणं मी मुलांना सांगत आले होते; हे कारण मला कोणी शिकवलं नव्हतं. माझा राग कुठं गेला कळलं नाही. एकदम माया दाटून आली आणि मी बोलून गेले, “मी येईन, साहेब. ऑर्डर निघाली तरी येईन.”

 “साखर किती घेता?” त्यांनी विचारलं.

पुढच्या आठवड्यात ऑर्डर हातात पडली. दोन्ही सह्या शेजारीशेजारी, एकाच ओळीवर. साहेबांनी दोघांना समोर बसवलं, दोन पेनं दिली आणि शाळेतल्या शर्यतीसारखं एक-दोन-तीन म्हटलं, असं शिपायाने मला सांगितलं.

आता मी कायम आहे. रविवारी सकाळी खुलताबाद रोडला जाते. साहेब ओट्यावर चार कप मांडून ठेवतात, त्यातले दोन तसेच आत जातात. पोरांना कामं असतात, असं ते सांगतात, आणि मी हो म्हणते. परवा त्यांनी मध्येच विचारलं, “मॅडम, तुमच्या त्या इटलीच्या म्हाताऱ्याला चहाला सोबत कुणाची?”

“कुणाचीच नाही, साहेब.”

“मग मरंल नाय तर काय करंल,” ते म्हणाले, आणि खारीची बशी माझ्याकडे सरकवली.